जखमीला घेऊन येणाऱ्याच्या नावाचा रकाना : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्या नागरिकांना कायद्याने दिलेल्या संरक्षणाची पोलीस ठाण्यांत आणि रुग्णालयांत अंमलबजावणी होण्याबाबत.

महोदय,

महामार्गालगतच्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात अधिपरिचारिका म्हणून सेवा करून मी निवृत्त झाले आहे. अपघाताची केस आली की आमच्या टेबलावर जी नोंदवही उघडली जाई, तिला सगळे एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस) रजिस्टर म्हणत. जखमीचे नाव, वय, अंगावरील खुणा, आणल्याची वेळ यांच्या पुढे तिच्यात एक रकाना असे, ‘कोणी आणले’, आणि त्याखाली नाव, पत्ता, मोबाईल नंबर व सही. जखमीला स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत आरडाओरडा करून सगळ्यांना कामाला लावणारा माणूस हातात पेन दिले की एकदम गप्प होई. कोणी मोबाईलचे नऊच आकडे लिही, कोणी सहीच्या जागी नुसती रेघ ओढी, तर कोणी ‘गाडी लावून येतो’ म्हणून बाहेर जाई तो परत येत नसे. आम्हीही फार खोदून विचारत नसू, पण रकाना रिकामा राहिला की चौकीवरचा हवालदार आम्हालाच विचारी.

हे सारे लिहिण्याचे कारण असे, की ‘माणुसकी उरली नाही’ हे वाक्य प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपण ऐकतो आणि ते मला पटत नाही. रेघ ओढून निघून जाणाऱ्या त्या माणसाने अनोळखी जखमीला स्वतःच्या गाडीत घातलेले असते, सीट रक्ताने भिजवलेली असते, कामाचा खाडा केलेला असतो. तो कचरतो ते त्यानंतर जे होईल त्याला, आणि पुढच्या वेळी अपघात दिसला की त्याला आधी हाच रकाना आठवतो.

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५ हजारांहून अधिक माणसे मेली. रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये देशभरात केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले, आणि त्यांच्यातील बहुसंख्यांनी कारण दिले ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या खेपा यांचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

बघ्यांच्या गर्दीविषयी मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लॅटाने यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्याला झटका आल्याचे आपण एकट्यानेच ऐकले असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी त्याला मदत मिळावी म्हणून धाव घेतली, तर आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटल्यावर ते प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. परंतु अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतील भररस्त्यावरच्या भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण अलीकडे तपासले गेले, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे आढळले. म्हणजे गर्दी जमली की माणूस दगडच होतो असे नाही. आपल्या महामार्गावरच्या गर्दीत ‘दुसरा कोणीतरी करील’ याच्या जोडीला ‘जो करील तो अडकेल’ हा हिशेब असतो, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

या भीतीचे मूळ, माझ्या समजुतीप्रमाणे, एका शंकेत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघात करणाऱ्या चालकानेच जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात. त्यामुळे जखमीला घेऊन आलेला माणूस पोलिसाला आधी संशयित दिसतो. ‘तू ठोकलं नाहीस, तर कशाला आणलंस?’ हा प्रश्न आमच्या टेबलासमोर विचारला गेलेला मी स्वतः ऐकला आहे. याच कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आणि मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले, त्याआधी ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या होत्या, आणि सप्टेंबर २०२० मध्ये नियमही निघाले. या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याने स्वखुशीने साक्षीदार व्हायचे ठरवले तरच जबाब घ्यायचा, तोही त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी, शक्यतो साध्या कपड्यांतील पोलिसाने. रुग्णालयाने त्याच्या हक्कांची सनद स्थानिक भाषेत दर्शनी जागी लावायची आहे. आमच्या रुग्णालयात चपला बाहेर काढण्याची पाटी होती, ही सनद मी निवृत्त होईपर्यंत भिंतीवर पाहिली नाही.

यावर केंद्राने शोधलेला उपाय बक्षिसाचा आहे. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास २०२१ मध्ये पाच हजार रुपये जाहीर झाले आणि २०२५ मध्ये ‘राहवीर’ या नावाने ती रक्कम पंचवीस हजार झाली. हेतू चांगला आहे. मात्र २०२१ ची कार्यपद्धती पाहिली तर पोलिसांनी मदत करणाऱ्याचे नाव, मोबाईल आणि पत्ता असलेले पत्र द्यायचे, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जायचे, आणि मग पैसे. नाव न सांगण्याचा हक्क एका हाताने द्यायचा आणि नाव सांगितल्यास पैसे दुसऱ्या हाताने, असा हा प्रकार आहे. ज्याला पोलीस ठाण्याचीच धास्ती आहे तो पंचवीस हजारांसाठी त्याच ठाण्यात जाईल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

त्यापेक्षा आपल्याच खात्याने केलेले एक काम अधिक उपयोगी आहे. महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून ‘मृत्युंजय दूत’ उपक्रमात रस्त्यालगतच्या गावकऱ्यांना आणि हॉटेल व पंपावरच्या लोकांना जखमींच्या मदतीसाठी हाताशी धरले. ज्याला पोलीस आधीपासून ओळखतात त्याच्यावर संशय येत नाही आणि त्यालाही पोलिसांची भीती वाटत नाही. वाटेने जाणाऱ्या परक्या प्रवाशाला मात्र ही ओळख नसते.

तपासाची अडचण मला कळते. धडक देणाराच कधी कधी जखमीला रुग्णालयात सोडून पळून जातो, आणि प्रत्यक्षदर्शी नसला की पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यातही घरच्यांचे हाल होतात. पण गाडीचा नंबर रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्यात टिपता येतो, आणि तो टिपला जाईल एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. घाबरून अर्धवट नंबर लिहिणारा साक्षीदार तसाही कोर्टात उपयोगाचा नसतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की सार्वजनिक आरोग्य विभागाबरोबर संयुक्त परिपत्रक काढून एमएलसी रजिस्टरातील त्या रकान्यावर ‘ऐच्छिक’ हा शब्द छापून घ्यावा, आणि तो भरण्यापूर्वी ‘तुम्ही आता जाऊ शकता’ हे घेऊन येणाऱ्याला तोंडी सांगण्याची जबाबदारी टेबलावरच्या कर्मचाऱ्यावर टाकावी. रकाना रिकामा राहिल्याबद्दल त्या कर्मचाऱ्याला पोलिसांनी जाब विचारू नये, हेही त्यातच लिहावे, कारण परिचारिका नाव मागते ती बहुधा स्वतःची मान सोडवण्यासाठी. सनदेचा फलक नसलेल्या रुग्णालयांची यादी प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडून मागवावी. फलक अपघात विभागाच्या दारावर हवा, प्रशासकीय इमारतीच्या जिन्यात नको.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका