समन्स आल्यावर

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पर्वरीला दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडल्याचा तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. त्यातले निम्मे प्रश्न एकाच प्रश्नाची रूपं आहेत: तुरुंगात जावं लागेल का? आधी तेच सांगतो. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण कोणाला लागलं नाही, आधीची केस नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा दंडावर सोडतात. कधी त्यासोबत 'कोर्ट उठेपर्यंत' कैद सुनावतात, म्हणजे कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. गुन्हा जामीनपात्र आहे. वहिनींना सांग, उगाच जीव टांगणीला लावू नका.

मात्र हेल्मेटच्या तालांवासारखं, म्हणजे चलनासारखं, पैसे भरले नि सुटलो, असं हे प्रकरण नाही. १८५ ला तडजोड शुल्क नाही, ते कोर्टातच जातं. पर्वरी बार्देश तालुक्यात येते, त्यामुळे समन्स बहुधा म्हापशाच्या कोर्टाचं असेल. ती तारीख चुकवू नकोस, काही झालं तरी. लोक माती खातात ते इथेच. 'बघू पुढच्या वेळी' म्हणून घरी बसतात आणि वॉरंट निघालं की वकिलाच्या दारात धावतात.

न्यायाधीश आरोप वाचून दाखवतील आणि कबूल आहे का विचारतील. कबूल करायचं की लढायचं, ते वकिलाला कागद पाहून ठरवू दे. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, आणि अल्कोमीटरवर, म्हणजे श्वासातून दारू मोजणाऱ्या मशीनवर, तुझा आकडा ७४. बत्तीस-पस्तीस असता तर मशीनवर बोट ठेवायला जागा होती. तरी अल्कोमीटरच्या पावतीवरची वेळ, मशीनच्या कॅलिब्रेशनचा दाखला, आणि तुला अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली का, एवढं वकील पाहीलच. 'फेणी नव्हती, लिमका घातलेला हुर्राक (काजूची हलकी दारू) होता' हे मात्र कोर्टात बोलू नकोस. मे महिन्यात निम्मा गोवा हेच सांगतो! ग्लासात काय होतं याच्याशी मशीनला देणंघेणं नाही.

आणि मामांच्या ओळखीचं म्हणशील, तर आपल्याकडे प्रत्येकाचा एकेक आमदार असतोच. केस नोंद झाली, आकडा छापला गेला. आता फोन फिरवून तू फक्त चार जास्त माणसांना कळवशील.

माझ्या मते खरी शिक्षा दंडाची नव्हेच, लायसन्सची आहे. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. जप्तीची जी पावती तुला दिली, तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हे नीट लक्षात ठेव. पुष्कळांना ती तात्पुरता परवाना वाटते. आरटीओची नोटीस येईल, तुझं म्हणणं ऐकून घेतील आणि निदान तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित होईल असं धरून चल. आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. त्या काळात चालवताना सापडलास तर ती वेगळी केस: कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पुन्हा १०,००० दंड. म्हणजे साखळीहून वेर्ण्याला कामावर जायचं तर पणजीला बस बदलणं आलं. पुढे मडगावची शटल धरू नकोस, ती मध्ये थांबत नाही, लोकलच घे. जाताना जमेल, पण परतताना उशीर झाला की साखळीची बस मिळणं नशिबावर. सेकंड शिफ्ट बदलून मागता येते का, आजच विचार. कंपनीतलं कोणी डिचोलीकडून कारने येत असेल तर पेट्रोलचे पैसे दे आणि त्याच्या शेजारी बस. तीन महिने मिंधेपण सोसावं लागेल खरं.

गाडी सोडवायला आरसी, विमा, पीयूसी आणि तुझं ओळखपत्र लागेल. कोर्टाचा आदेश लागतो का, ते स्टेशनवर विचारून घे. चालवत आणायला भावाला ने. गाडी कुठे आपटली नाही हे मोठं नशीब, कारण दारू पिऊन झालेल्या अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. आणि कॅनडाचं अजून डोक्यात असेल, तर व्हिसाच्या अर्जात केसबद्दल विचारतील तिथे खरंच लिही. तिथे ड्रंक ड्रायव्हिंग गंभीर गुन्ह्यात धरतात, म्हणून गुन्हा कबूल करण्याआधीच वकिलाला हे सांग. दंड भरून मोकळं व्हायच्या घाईत ही गोष्ट राहून जाते.

दुसऱ्यांदा सापडलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही, एवढंच सांगतो. उपदेश वहिनी करतीलच.

अल्कोमीटरची पावती आणि जप्तीचा कागद, दोन्हींचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून आजच पाठव. थर्मल कागदावरचं छापील हळूहळू पुसट होतं. समन्स आलं की तारीख कळव, म्हापशाला मी येतो.

तुझा,
प्रदीप