मीटिंगांनाही रिकव्हरी टाइम द्या

मा. संपादक, स. न.

पश्चिम रेल्वेच्या बडोदा विभागात माझी ३२ वर्षे कंट्रोल चार्टवर, म्हणजे कोणती गाडी किती वाजता कुठे आहे त्याच्या आलेखावर, गाड्यांच्या तिरक्या रेषा ओढण्यात गेली. आता घरी बसून सूनबाईचा दिवस पाहतो. ती घरूनच काम करते. दहाला एक मीटिंग, साडेदहाला दुसरी, अकराला तिसरी. गेल्या मंगळवारी साडेदहाला तिच्या टेबलावर चहा ठेवला. साडेबाराला कप उचलायला गेलो तर वर जाड साय आणि सायीवर पेनाचे टोपण! त्याच दिवशी एका ग्राहकाचे आकडे तिने दुसऱ्यालाच वाचून दाखवले. म्हणाली, "बाबा, आधीची फाइल मिटायला तरी वेळ हवा ना!"

रेल्वेत अशी गाडीला गाडी चिकटवून चालत नाही. वर्किंग टाइमटेबलात (कर्मचाऱ्यांसाठीच्या वेळापत्रकात) धावण्याच्या वेळेखेरीज इंजिनिअरिंग अलाउन्स आणि ट्रॅफिक रिकव्हरी टाइम अशी जादा मिनिटे धरलेली असतात. कुठे रुळांच्या कामामुळे कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू नेण्याची सूचना, कुठे सिग्नलच मिळत नाही. ती तूट त्यातून भरून निघते. मुंबई सेंट्रल ते बोरिवली जाताना गाडीला किती वेळ दिलाय आणि येताना किती, ते वेळापत्रकात पाहा. बऱ्याच गाड्यांना येताना जास्त असतो. म्हणूनच सुरतेला उशिरा आलेली गाडी मुंबईला वेळेवर लागते आणि प्रवासी ड्रायव्हरला शाबासकी देतात. आम्हाला कोणी देत नाही, असो.

गूगल कॅलेंडरात 'स्पीडी मीटिंग्ज' नावाची सोय आहे: ३० मिनिटांची मीटिंग २५ मिनिटांची होते, तासाची ५० मिनिटांची. ती नातवाकडून चालू करून घेतली. (सासऱ्याने सुनेच्या लॅपटॉपात नाक खुपसावे का, हा वेगळ्या पत्राचा विषय.) पहिला आठवडा फुकट गेला. सोय तिने लावलेल्या मीटिंगांपुरतीच, साहेबांनी लावलेल्या होत्या तशाच. शिवाय पंचविसाव्या मिनिटाला उठतो कोण? मग तिने दर दोन मीटिंगांनंतर 'नोंदी' म्हणून १५ मिनिटे स्वतःच्याच नावावर अडवून ठेवली. जागा भरलेली दिसते, त्यामुळे सहसा कोणी घुसत नाही.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने १४ जणांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या होत्या. लागोपाठ चार मीटिंगांत ताण चढत गेला. मध्ये दहा-दहा मिनिटे मिळाली तेव्हा चढला नाही. १४ माणसे म्हणजे डब्याचा कोपराही भरणार नाही, पण माझ्याकडे चहाचा कप आहे.

मोकळी मिनिटे दिली तर काम कमी होईल, असे साहेब लोकांना वाटते. गाड्या जवळजवळ सोडल्या म्हणून जास्त पोचत नाहीत. पुढची अडकली की मागच्या सगळ्या सिग्नलला उभ्या.

साडेबाराची साहेबांची मीटिंग मात्र अजूनही एकला संपत नाही. हे पत्र छापलेत तर कात्रण त्यांना पाठवायचे की नाही, ते सूनबाई ठरवील.

— एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर, दांडिया बाजार, बडोदे