अभ्यासिकेत लॅपटॉप आणणाऱ्यांसाठी

मंडळी, पावसामुळं दुपारी लाईट जायला लागलीय आणि इन्व्हर्टर फक्त ट्यूब-पंख्यांसाठी आहे, तेव्हा लाईट नसताना चार्जर लावू नका. आधी ब्राइटनेस कमी करा, स्क्रीनच जास्त खाते. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर अँड बॅटरी इथं जाऊन पॉवर मोड बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवा की, पीडीएफ वाचायला, टायपिंगला काही फरक पडत नाही, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना मात्र हळू वाटेल, त्यांनी बॅलन्स्डवरच ऱ्हावं. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) १२० हर्ट्झ असेल तर ६० करा, आणि कीबोर्डचा लाईट भर दुपारी कशाला पाहिजे?

बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज ११ मधे नाव एनर्जी सेव्हर) चालू केला की वनड्राइव्हचं सिंक, म्हणजे फाईल आपोआप ऑनलाईन चढणं, सहसा थांबतं, तेव्हा फाईल वर गेली का ते बघा, नाहीतर फाईल वर गेली असं समजून तुम्ही निवांत खानापूरच्या बसमधे आणि फाईल लॅपटॉपमधेच. जेवायला जाताना नुसतं झाकण मिटू नका, स्लीपमधे थोडी थोडी बॅटरी जातच असते, हायबरनेट करा (उघडं काम साठवून लॅपटॉप बंद होतो), मेनूत दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून आणता येतं (बऱ्याच जणांना ते दिसतच नाही). घरी कायम चार्जरवर ठेवत असाल तर कंपनीच्या ॲपमधे ८० टक्क्यांची लिमिट आहे का बघा, असली तर लावा. जमलं नाही तर संध्याकाळी काउंटरवर या, करून देतो.