मुद्रितशोधन कक्षाचे विलीनीकरण व रात्रपाळीतील बदल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मुद्रितशोधन कक्ष वृत्तसंपादन विभागात विलीन होत असून, यापुढे बातम्या, मथळे आणि छायाचित्रओळी तपासण्याची जबाबदारी त्या त्या पानाच्या उपसंपादकावर राहील. शहर आवृत्तीची पाने छपाईला सोडण्यापूर्वीचा शेवटचा तास हाच चुका होण्याचा तास असतो, आणि नेमक्या त्याच वेळची दुसरी नजर आता कमी होत आहे, याची कार्यकारिणीला मनापासून चिंता वाटते. म्हणून पान लावणाऱ्याखेरीज आणखी एका सहकाऱ्याने वाचल्याशिवाय कोणतेही पान सोडू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

बदली झालेल्या मुद्रितशोधकांना पानमांडणीचे नवे सॉफ्टवेअर शिकण्यासाठी पुरेसा अवधी मिळावा, ही आपली मागणी कायम आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९७८ मध्ये लायनोटाइप यंत्रे (वितळलेल्या शिशातून मजकुराच्या ओळी ओतणारी जुनी अक्षरजुळणी यंत्रे) बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षे शिशाच्या अक्षरांवर काम केलेल्या जुळाऱ्यांपैकी (अक्षरजुळणी करणाऱ्या कामगारांपैकी) अनेकांना नवी पद्धत शिकवून सामावून घेण्यात आले होते. त्यामुळे ही मागणी अवाजवी आहे असे कोणी म्हणू नये.

पदनाम, पाळी किंवा वेतनातील बदल तोंडी सांगितला गेल्यास तो लेखी मागावा. कायम नोकरीऐवजी कंत्राटाचा कागद पुढे केला गेल्यास त्यावर त्याच दिवशी सही न करता तो आधी कार्यकारिणीच्या सदस्याला दाखवावा. सलग रात्रपाळ्या लागलेल्या सभासदांनी आपल्या पाळ्यांची नोंद तारखांसह सचिवांकडे द्यावी.

— सचिव, कर्मचारी संघटना