भिंतीवर चित्रकर्तीचे नाव राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे. पुलाचे खांब, शाळांची कुंपणे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या भिंती रंगवण्याची कामे आता निघतील. प्रयागराजला २०१९ च्या कुंभाआधी 'पेंट माय सिटी' या नावाने अख्खे शहर रंगवले होते, ते अनेकांच्या स्मरणात असेल. आपल्याकडेही हौसेने होईल, व्हावेच. या भिंती रंगवणाऱ्या हातांत बरेच हात मुलींचे असतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. माझी एक विद्यार्थिनी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड मिळवलेली आणि पुढे जी. डी. आर्ट ही कलेची पदविका केलेली, गेली काही वर्षे भिंतीचित्रांचीच कामे घेते. मागच्या एप्रिलमध्ये उड्डाणपुलाजवळच्या एका भिंतीवर तिचे काम चालू होते. मी तीन दिवस रोज सकाळी तिथे जाऊन बसत होते. आधी तारेच्या ब्रशने भिंत घासून पोपडे काढले, भेगांत पुट्टी भरली, प्रायमर मारला. मग गेरूत बुडवलेली सुतळी दोघींनी दोन टोकांना धरून ताणली आणि मधोमध चिमटीत ओढून सोडली. फट्कन आवाज होतो आणि भिंतीवर सरळ तांबडी रेघ उठते. अशा उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन पाडून कागदावरच्या एका इंचाला भिंतीवर एक फूट, या हिशेबाने चित्र मोठे करायचे. परांचीवर उभे राहिले की हातभर अंतरावरचेच दिसते. त्यामुळे चित्रातला एक डोळा रेखाटला की खाली उतरायचे, वाहने चुकवत रस्ता ओलांडायचा, पलीकडून पाहायचे आणि पुन्हा वर चढायचे. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या दोन बायकांचे चित्र होते ते. एकीच्या नखात अडकलेला हिरवा मणीसुद्धा तिने काढला होता.

येणारे-जाणारे थांबायचे, कौतुक करायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. आणि हटकून एक प्रश्न विचारायचे, "तुमचे सर कुठे आहेत?" तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी मलाच विचारले, "मॅडम, चित्रकार कधी येणार?" ती तेव्हा परांचीवर होती, हातात ब्रश, दंडापर्यंत रंग. आजोबांच्या मनात वाईट काही नव्हते. पण रस्त्यावर, उंचावर, भर उन्हात बाई स्वतःच्या डोक्याने काही उभे करते आहे, हे डोळ्यांना दिसूनही मनात उतरत नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ती घोटभरसुद्धा पाणी पीत नव्हती. जवळचे स्वच्छतागृह कुलूपबंद होते. एप्रिलच्या उन्हात सहा तास! शेवटी चहाच्या टपरीवरच्या मावशींनी, "माझं घर मागेच आहे, संकोच करू नको," म्हणत तिला घरी नेले. त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही. पण कामाची सोय कुणाच्या चांगुलपणावर का सोडायची?

चित्र पूर्ण झाल्यावर तिने उजवीकडे खाली बोटभर अक्षरांत आपले नाव लिहिले. आठ दिवसांनी मी तिकडून गेले तर त्या जागी पिवळ्या रंगाचा पट्टा, आणि त्यावर 'सौजन्य' म्हणून भलत्याच कुणाचे नाव, फोटोसकट. काम देणाऱ्यांना फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, पैसे दिलेत ना तिला."

पैसे दिले म्हणजे नाव पुसण्याचा हक्क मिळत नाही. हे मी रागाने म्हणत नाही, कायदाच तसे सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे कलाकृतीचे हक्क विकले तरी 'ही माझी कृती आहे' असे सांगण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. ते कोर्टात लढले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देऊन वर पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. इतका मोठा कलावंत, तरी त्याची उमेद खर्ची पडलीच. पंचविशीतल्या पोरीने कोणत्या कोर्टात जायचे?

वारलीचेच उदाहरण घ्या. नाशिकमध्ये वारली चित्र नाही असा रस्ता शोधावा लागेल. मुळात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकटीतले चित्र, लिहायचा मान सवासिनींचा. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने पालघट देवी त्याच रेखाटत, आणि धवलेरी, म्हणजे वारल्यांची स्त्री-पुरोहित, गाणी म्हणत लग्न लावते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आनंदच आहे. २०१४ मध्ये वारलीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे चौक लिहिले त्यांच्यापैकी एकीचे नाव आपल्याला सांगता येईल का? मला येत नाही, आणि मी चित्रकलेची शिक्षिका आहे. शहरातल्या भिंतींवर तर वारली आकृत्या स्टेन्सिलने ठोकल्या जातात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या वारली बायकांना त्या कामावर कुणी बोलावत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर बायका महारांगोळी काढतात, तेव्हा आपण कौतुकाने पाहायला जातो. रस्त्यावर बसून चित्र काढणारी बाई नाशिकला नवी नाही. फक्त रांगोळी दोन दिवसांत पुसली जाते आणि भिंत वर्षानुवर्षे राहते. पूर्वी काबूलच्या भिंतींवर बायकांची चित्रे काढणारी अफगाण चित्रकर्ती शम्सिया हसानी माझ्या विद्यार्थिनीची आदर्श आहे. तिथे रस्त्यावर फार वेळ थांबणे धोक्याचे, म्हणून हसानी घाईघाईने चित्र उरकायची, आणि जिथे जाणेच शक्य नव्हते तिथल्या जागांच्या फोटोंवर रंगवायची. बेंगळुरूच्या 'अरावनी आर्ट प्रोजेक्ट'मध्ये तृतीयपंथी स्त्रिया इतर बायकांबरोबर शहरांच्या भिंती रंगवतात. नाशिकमध्ये तर कुणाचा विरोध नाही, लोक प्रेमाने थांबून पाहतात.

म्हणून सिंहस्थाच्या कामांच्या निविदा काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक चित्राखाली चित्रकर्तीचे किंवा चित्रकाराचे नाव आणि साल असलेच पाहिजे, अशी एक ओळ निविदेत घाला. सौजन्याची पाटी शेजारी लावा, चित्रावर नको. काम चालू असेपर्यंत जवळच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिच्याकडे द्या. चौरस फुटाचा दर मधल्या हातांत न अडकता तिच्या खात्यात जमा होऊ द्या. वारली काढायची असेल तर पाड्यावरच्या बायकांना सन्मानाने बोलवा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

माझी विद्यार्थिनी सध्या दुसऱ्या एका भिंतीवर काम करते आहे. काल मी तिला छत्री नेऊन दिली. उजव्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा तिने प्रायमरवर तशीच कोरी ठेवली आहे. नाव लिहू का, म्हणून तिने काम देणाऱ्यांना विचारले आहे. काम शनिवारी संपेल, उत्तर अजून आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक