धुकं आपल्या टीव्हीत नव्हतं

सातारा,
१३ ऑगस्ट

प्रिय मन्या,

गणपतीची आवराआवर काढली आणि माळ्यावरून तुझा प्लेस्टेशन खाली आला. सोबत २३० चे ११० व्होल्ट करणारा तो जड ट्रान्सफॉर्मरही. लावल्याबरोबर गुणगुणायला लागला. तुझी आजी म्हणायची ना, "घरात भुंगा शिरलाय", अगदी तसाच.

साऊथ पार्क या अमेरिकन कार्टूनच्या गेमची सीडी आतच होती. सुरू केली आणि २००० सालचा तो पावसाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. दादाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटवर ती चार पोरं बघून आपण दोघं वेडे झालो होतो. त्यातला केनी मेला की तू खरंच हळहळायचास. मग गेम आला, आणि पडद्यावर नुसतं धुकं! दहा पावलांपुढचं दिसेना. बर्फाचे गोळे मारायचे, धुक्यातून टर्की धावत येणार, परत गोळे, परत टर्की. तू म्हणालास, टीव्हीच गंडलाय. ब्राइटनेस पिळलास, पिवळी पिन शर्टाला पुसून परत खोचलीस, शेवटी मागचं झाकणच उघडलंस. त्यानंतर पडद्यावर आडव्या पट्ट्या आल्या त्या कायमच्या. भाऊंनी तुला अंगणात उभं करून जे सुनावलं, ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं आणि गप्प राहिलो. दादाकडे त्या गेमचा हट्ट माझा होता, मन्या. तू माझं नावसुद्धा घेतलं नाहीस.

म्हणून हे पत्र. गेले पंधरा दिवस या गेमबद्दल मिळेल ते वाचतोय. टीव्ही ठीक होता.

गेम मुळात निन्टेन्डो ६४ या दुसऱ्या मशीनसाठी १९९८ च्या डिसेंबरात आला. केला इग्वाना कंपनीने, बाजारात काढला ॲक्लेमने. इग्वानाचाच 'टुरॉक' होता, जंगलात डायनासोर मारायचा. त्याच्या दुसऱ्या भागाचं इंजिन, म्हणजे पडद्यावरचं जग रंगवणारा मूळ प्रोग्रॅम, इथे घेतला. त्या काळच्या मशीनला लांबचं सगळं एकदम रंगवणं झेपत नसे, म्हणून पुढचा मुलूख धुक्यात बुडवायचे. जंगलात ते खपून जाई. पण साऊथ पार्क म्हणजे कोलोरॅडोतलं उघडं, बर्फाळ गाव! १९९९ मध्ये गेम प्लेस्टेशनवर आला, तोच आपला, आणि त्यात धुकं फारच दाट. यवतेश्वरच्या घाटात जुलैतही आपण बिनधास्त गाडी घालतो, कारण वळण कुठे, दरी कुठे, हे अंगात मुरलंय. त्या गेममध्ये धुकं ओलांडून गेलं तरी हाती काही लागत नाही. काल तासभर चाललो, तीच मोकळी जमीन, तीच टर्की.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. कार्टूनचा १९९७ चा पहिला भाग त्याचे जनक ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी रंगीत कागद कापून, ते तुकडे तसूतसूने सरकवून केला होता. चेहरे सपाट, हालचाल अडखळती, आणि सगळा जीव त्या पोरांच्या बोलण्यात, भांडणात. गेममध्ये डोकी भोपळ्यासारखी फुगवली आणि बोलणं म्हणजे तीच चार वाक्यं फिरून फिरून. बंदुकीच्या खेळात भांडायला सवड कुठून मिळणार? साऊथ पार्क तिथेच हरवलं. समीक्षकांनी प्लेस्टेशनच्या आवृत्तीला झोडपलं ते योग्यच झालं.

२०१४ मध्ये साऊथ पार्कचाच दुसरा गेम, 'द स्टिक ऑफ ट्रुथ', आला. लिहिला खुद्द पार्कर आणि स्टोननेच. चुलतभावाकडे खेळलो. चित्र सपाट, कागदी, कार्टूनच चाललंय असं वाटावं. गावात घरोघरी शिरता येतं, कपाटं उघडून बघता येतात. त्या चौघांतल्या कार्टमनच्या अंगणात उभा राहिलो आणि तुझी फार आठवण आली. आपल्याला तेव्हा हेच हवं होतं रे, त्या गावातून नुसतं भटकायला मिळालं असतं तरी पुरे होतं.

दिवाळीला ये. मशीन, सीडी, ट्रान्सफॉर्मर सगळं पुसून ठेवलंय. तू आलास की दोघं भाऊंकडे जाऊ. हट्ट माझा होता, हे त्यांना मलाच सांगायचंय, तुझ्यासमोर.

तुझा,
सुध्या