चौसष्ट टक्के शहरी, पण कागदावर किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला चीनच्या आर्थिक झेपेवरचा लेख वाचला. बुलेट ट्रेन झाली, शेन्झेन झाले, कारखाने झाले. खेड्यातल्या माणसांना मात्र लेखकाने एका वाक्यात उरकले आहे. '2020 च्या जनगणनेनुसार चौसष्ट टक्के चिनी लोक शहरी झाले' एवढे सांगून ते पुढे सरकतात. आकडा बरोबर आहे, 'झाले' हे क्रियापद घाईचे आहे.

ही घाई कधीही न केलेला एक समाजशास्त्रज्ञ चीनमध्येच होऊन गेला. फेई श्याओतोंग (1910-2005). 1935 मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीच्या डोंगराळ भागात पाहणी करताना ते वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून जायबंदी झाले. मदत आणायला धावलेली त्यांची पत्नी वाटेत बुडून गेली. लग्नाला काही महिनेच झाले होते. दुखणे निस्तरत असताना 1936 च्या उन्हाळ्यात ते शांघायजवळच्या ताई सरोवराकाठच्या काईश्येनगोंग या गावी राहिले. त्यांची थोरली बहीण फेई दाशेंग तिथल्या शेतकऱ्यांना सहकारी तत्त्वावर रेशीम काढायला शिकवत होती. साडेतीनशेच्या आसपास उंबऱ्यांचे गाव. फेईंनी घरोघरी बसून खंड किती, कर्ज किती, लग्नाला खर्च किती हे टिपून घेतले आणि त्यावरच लंडनला मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्कींच्या हाताखाली प्रबंध लिहिला. त्यांना दिसले ते असे: भात पोटापुरता होतो, वरखर्च भागतो रेशमावर. रेशमाचा भाव जगाच्या बाजारात पडला की सावकार दारात येतो. म्हणून नुसती जमीन वाटून भागणार नाही, गावातच धंदा हवा, असे त्यांचे मत पडले.

1957 मध्ये ते पुन्हा त्या गावी गेले. धान्य वाढले होते, पण जोडधंदे बसल्याने लोकांच्या हाती पैसा नव्हता. तसे त्यांनी लिहिले, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर 'उजवे', म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक, असा शिक्का बसला. समाजशास्त्र हा विषय तर 1952 मध्येच विद्यापीठांतून हद्दपार झाला होता. 1979 मध्ये तो परत आला तेव्हा त्याची घडी बसवण्याचे काम सत्तरीला टेकलेल्या फेईंकडेच आले. पुढे ते काईश्येनगोंगला वारंवार जात राहिले. सरकारी मानमरातब मिळाल्यावरही गेले, हे मला विशेष वाटते.

ऐंशीच्या दशकात छोट्या बाजारगावांच्या वाढीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. 'शेत सोडा, गाव सोडू नका' हा त्या काळचा मंत्र. गावोगावच्या कारखान्यांत 1996 पर्यंत साडेतेरा कोटी लोक कामाला लागले. माझ्या मते फेईंचा होरा इथवरच खरा ठरला. समुद्रकाठच्या कारखान्यांनी माणसे अशी ओढली की शेतही सुटले आणि गावही.

आता त्या चौसष्ट टक्क्यांकडे वळतो. चीनमध्ये 1958 पासून प्रत्येक घराची 'हुकोऊ' नावाची नोंद असते आणि सरकारी शाळा, दवाखाना, पेन्शन बरेचसे या नोंदीवर ठरते. दक्षिण किनाऱ्याकडच्या डोंगुआन शहरातल्या कारखान्यात वीस वर्षे राबलेल्या, दूरच्या सिच्वान प्रांतातल्या बाईची नोंद गावचीच राहू शकते. शहरी नोंद असलेले लोक 2020 च्या अखेरीस 45.4 टक्के होते. म्हणजे शहरात राहणाऱ्या चौसष्टांपैकी अठरा-एकोणीस जण कागदोपत्री अजून बाहेरचे. ही माणसे पंचवीस कोटींच्या पुढे जातात! त्यांच्या मुलांना कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी बहुधा आपल्या मूळ प्रांतात परतावे लागते. म्हणून कित्येकजण मुलांना आधीपासूनच आजी-आजोबांकडे ठेवतात. अखिल चीन महिला महासंघाने 2013 मध्ये अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींवर असल्याचे सांगितले होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नोंद गावची असल्याने गावच्या सामायिक जमिनीतला वाटा सहसा सुटत नाही. 2008 च्या मंदीत सुमारे दोन कोटी मजुरांची कामे गेली, तेव्हा पुष्कळांनी गावचीच वाट धरली. नोंद शहरात हलवून तो वाटा सोडायला अनेकजण कचरतात ते याच हिशेबाने. हे अडाणीपण नव्हे. पण आता या मजुरांचे सरासरी वय त्रेचाळिसावर गेले आहे आणि गावाकडची पेन्शन तुटपुंजी आहे. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही.

मी पिंपळे सौदागरला राहतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी याच गावातल्या जमिनीच्या तुकड्यांची आणि कर्जाची बारीक पाहणी 1917 मध्ये छापली होती. आज इथे सोसायट्या आहेत आणि त्या बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या किती जणांचे रेशनकार्ड इथे चालते, हे आपल्या वार्ताहराने जरूर विचारावे. चीनच्या लेखात मात्र चौसष्टच्या शेजारी 45.4 हा आकडा पुढच्या रविवारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
पिंपळे सौदागर, पुणे